चादरीचं दुसरं टोक

"धरा की! बघत काय उभे राहिलात? चादर आहे, साप नाही."

दारातल्या उंच माणसानं मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं, म्हणजे बोलणी त्यालाच होती. त्यानं हातातली पेटी खाली ठेवली, पुढे आला आणि गरम, दमट चादरीची दोन टोकं मुकाट धरली.

बोलणारी ती घडीच्या टेबलावरची. लाँड्रीत तिला सगळे करवत म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं. बोथट असण्यापेक्षा करवत बरी. त्या दिवशी तिची जोडीदारीण गुडघे धरून घरी बसली होती, बाहेर आठवडाभर न हललेलं करडं आभाळ होतं, आणि समोर तीन हॉस्पिटलांच्या चादरींचा डोंगर.

चादरीची घडी एकट्याचं काम नव्हे. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, ताणायची, झटकायची, मग टोकाला टोक जुळवत एकमेकांकडे चालत यायचं. मधोमध भेटायचं. आपली टोकं दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि मागे सरायचं. दिवसाला अशा चारशे.

"जरा खाली वाका. तुमच्या उंचीपायी चादरीची घसरगुंडी झालीय."

"किती वाकू?"

"माझ्या बरोबरीला येईपर्यंत."

"मग बसूनच घेतो."

तिला हसू आलं होतं. पण पहिल्याच भेटीत हसून दाखवणारी ती नव्हे.

दोन तासांनी मालकीणबाईंची सून धावत आली, तेव्हा कळलं — तो ड्रायर दुरुस्त करायला आलेला मिस्त्री होता. ड्रायर बंद पडून होता आणि मिस्त्री इथे चादरी झटकत होता.

"अहो, सांगायचं ना तसं!" ती ओशाळली.

"सांगणारच होतो. म्हटलं, तुम्ही श्वास घ्यायला थांबलात की सांगू..." त्यानं पेटी उचलली. "थांबलाच नाहीत."

सूनबाईंनी त्याला कायमचा ठेवून घेतला. मशीन बिघडलं की मिस्त्री, नाहीतर घडीच्या टेबलावर; गुडघेवाली जोडीदारीण गठ्ठ्यांना चिठ्ठ्या लावायच्या बसत्या टेबलावर गेली. तिनं त्याचं नाव ठेवलं उंट. तो रागावला नाही. दिवसभर गुडघे वाकवून उभा राहायचा, तिच्या उंचीला यायला बघायचा, आणि तरी वीतभर उरायचाच.

ही लाँड्री मालकीणबाईंनी घरामागच्या खोलीत दोन मशीनांवर सुरू केली होती. आता अठ्ठावीस माणसं होती. घर वाढलं की भांडी जास्त आदळतात, तसंच झालं. एका हॉस्पिटलच्या उश्यांचे अभ्रे दुसरीकडे जायचे, आणि चूक कुणाची म्हटलं की अठ्ठावीस बोटं अठ्ठावीस दिशांना. मग सूनबाईंनी एक फळा लावला. कुणीही कार्ड लिहायचं — अडचण, कारण, उपाय. सात दिवसांत उत्तर मिळणार: होय, नाही, किंवा शोधतोय. आणि ज्याच्या टेबलावर बदल करायचा, त्याची सही झाल्याशिवाय एक खिळासुद्धा हलणार नाही.

पंधरा दिवस फळा कोरा. आपल्या हातानं आपली चूक भिंतीवर कोण टांगणार?

मग एका सकाळी पहिलं कार्ड लागलं. 'अडचण: सोमवारी व्हॅन अर्धी रिकामी गेली. कारण: मी यादी न बघताच हो म्हटलं.' खाली सूनबाईंची सही. मालकाच्या घरची बाई, आणि चूक चव्हाट्यावर! लोकांनी दोनदोनदा वाचलं. सूनबाई मात्र खाली मान घालून यादी तपासत बसल्या होत्या. पुढच्या आठवड्यात तीन कार्डं आली, त्याच्या पुढच्यात अकरा. अभ्र्यांना हॉस्पिटलप्रमाणे रंगीत दोरे आले. टोपल्यांना चाकं हवीत हे कार्ड अडीच महिने 'शोधतोय'वर लटकलं, लोक चेष्टा करायला लागले, आणि एक दिवस खरोखरच चाकं आली. छपराच्या गळतीचं कार्ड मात्र अजून लटकत होतं, पिवळं पडून.

सगळ्यांत जास्त कार्डं करवतीची. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बघायला तिला चष्मा लागत नसे.

"आणि तुमच्या टेबलाचं काय गं?" सूनबाईंनी एकदा विचारलं. "काही सुचतं का?"

"आमचं ठीक आहे," ती म्हणाली. फारच पटकन म्हणाली.

खरं म्हणजे पहिल्याच महिन्यात तिला सुचलं होतं. उंटाला ड्रायरकडे बोलावलं होतं आणि चादर अर्धवट राहिलेली. तिनं दोन टोकं खिडकीच्या कडीत अडकवली आणि एकटीनं घडी घातली. वेळ तेवढाच लागला. ती त्या कडीकडे बघत राहिली... आणि मग घाईनं चादर सोडवून घेतली, जणू कुणी चोरी पकडेल. भिंतीला एक दांडी, दोन चिमटे — एवढ्यात दुसरं माणूस उरत नव्हतं. म्हणून ती बोलली नाही. जन्मात पहिल्यांदा ती एखादी गोष्ट बोलली नाही.

कारण आता चादरीच्या दुसऱ्या टोकाशी बरंच काही सुरू झालं होतं.

"आज गप्प का?" तो मधोमध आला की विचारायचा.

"तुमचे कान विश्रांतीला सोडलेत."

"नको. सवय मोडेल."

टोकं देताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागायची. दिवसाला चारशे वेळा. त्यातली तीनशे नव्याण्णव कामाची असतील. उरलेली एक कुठली, हे दोघांनाही कळायचं — त्या वेळी चादर थोडी जास्त वेळ मधोमध थांबायची.

एकदा तो पेन्सिल घेऊन आला. "भिंतीला टेकून उभ्या राहा. सरळ. हलू नका."

"का? फोटो काढताय?"

"भिंत सरळ आहे का बघतोय."

"भिंतीत काही खोट नाही. उंटात आहे."

तो हसला. तिच्या खांद्यामागे पेन्सिल घासल्याचा बारीक आवाज झाला. तिच्या मानेवर काटा आला, आणि ती त्या काट्यातच गुंतून गेली. पेन्सिल कशासाठी, हे विचारायचं राहिलं.

घरी आई रोज संध्याकाळी तिच्या उजव्या खांद्याला तेल चोळायची. त्याच्या उंचीला चादर धरायची म्हणजे तिचे हात दिवसभर खांद्याच्या वर.

"तिथे सांग की दुखतं म्हणून," आई म्हणायची. "तोंड तर गावभर चालतं तुझं!"

"सांगितलं की मला चिठ्ठ्या लावायच्या टेबलावर बसवतील."

"मग बस. चिठ्ठ्या चावतात का?"

ती बाटलीचं झाकण शोधायला लागायची. आईनं पोरगी जन्माला घातली होती, ओळखायला वेळ लागला नाही. तिनं तेल थोडं जास्त ओतलं.

मग तो दिवस आला. आभाळ तसंच, धुतलं तरी मळकट राहणाऱ्या कापडासारखं. चादरींचा ढीग संपला आणि त्यानं खिशातून कार्ड काढलं.

"सही हवी होती... तुमची."

तिची नजर कार्डावरच्या चित्रावर गेली. भिंत. भिंतीला दांडी, दांडीला दोन चिमटे. समोर एक माणूस काढलेला. एकच.

"दुसरं माणूस कुठाय?" तिनं विचारलं.

"लागत नाही. एकाला जमतं."

'मला पहिल्या महिन्यापासून ठाऊक आहे,' हे तिच्या जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

"पेन द्या."

"आधी कारण तरी वाचा—"

"वाचायचं काय? उंटाला निघायचंय, तर वाट कोण अडवणार!"

तिनं सही केली. पेन इतकं दाबलं की कागद फाटला. तो कार्ड हातात घेऊन उभा राहिला.

"मला वाटलं होतं... तुम्ही नाही म्हणाल."

"का म्हणू? सुधारणा आहे. सुधारणेला नाही म्हणणारी मी नव्हे."

पुढचं सगळं सरळ रेषेत झालं. घडीवर एक माणूस मोकळं झालं. सहा तासांवर नवी शाखा उघडत होती, तिथे मिस्त्री हवाच होता. दोन वर्षांसाठी. सूनबाईंनी सगळ्यांसमोर कार्डाचं कौतुक केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. करवतीनं सगळ्यांत जोरात वाजवल्या.

शनिवारी तो पेटी घेऊन टेबलाशी आला. तिनं पाठ फिरवून टॉवेल मोजायला घेतले.

"येतो," तो म्हणाला.

"येतो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणताय, की खरंच?"

त्यानं पेटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुम्ही सांगाल तसं."

सांगायचं एवढंच होतं — जाऊ नका. दोन शब्द. रोज हजारो शब्द उधळणारी ती, आणि ऐन वेळी दोन सापडेनात.

"मी कोण सांगणारी?" ती म्हणाली.

मोजणी चुकली. तिनं पहिल्यापासून सुरू केली. वळून बघितलं तेव्हा दार नुसतं हलत होतं.

सोमवारपासून ती दांडीवर. चिमट्यात दोन टोकं, हातात दोन, आणि समोर भिंत. भिंतीला टोमणा मारून उपयोग नसतो. काम मात्र होत होतं. सुधारणा वाईट नव्हती, हेच तर दुखणं होतं.

बुधवारी संध्याकाळी आई म्हणाली, "तीन दिवस झाले, तेलाची बाटली मागितली नाहीस."

तिनं हात वर केला. खाली आणला. दुखत नव्हतं.

सकाळी ती दांडीपाशी नीट उभी राहिली. त्या ताडमाड माणसानं स्वतः ठोकलेली दांडी, आणि लागली होती किती खाली! बरोबर तिच्या खांद्याला. दांडीखाली भिंतीवर पेन्सिलची एक बारीक रेघ होती.

ती तडक सूनबाईंकडे गेली. "उंटाचं कार्ड दाखवा."

सूनबाईंनी फाइल काढली; काम झालेली कार्डं फळ्यावरून उतरून त्यात जायची.

'अडचण: चादर धरताना तिचा उजवा खांदा दुखतो. सांगत नाही, सांगणारही नाही. कारण: मी उंच. कितीही वाकलो तरी पुरत नाही. उपाय: तिच्या उंचीला दांडी. मी बाजूला.'

खाली तिची सही. फाटक्या कागदावर.

"तू वाचलं नव्हतंस?" सूनबाईंनी हळूच विचारलं.

"सही तर माझीच आहे."

"मी ते नाही विचारलं गं."

तिनं फाइल मिटली. कोरं कार्ड मागून घेतलं आणि टेबलाशी येऊन उभ्या उभ्या लिहिलं. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं. 'अडचण: दुसऱ्या टोकाला भिंत आहे. कारण: कारण न वाचता मी सही केली. दांडीचं मलाही ठाऊक होतं, मी मुद्दाम लपवलं. उपाय:' इथे हात थांबला. तिला उपाय सुचत नव्हता. तसंच ठेवलं. शुक्रवारी नव्या शाखेला व्हॅन जायची, त्यातल्या सगळ्यांत वरच्या चादरीच्या घडीत कार्ड सरकवलं.

पहिला दिवस. तिसरा. पाचवा. लाँड्रीत कुणाला टोमणा नाही, की काही नाही. लोकांना करमेना. "करवतीला गंज चढला," कुणीतरी म्हणालं, आणि तिनं तेही ऐकून घेतलं.

सातव्या दिवशी व्हॅन परत आली. टोपलीच्या तळाशी कार्ड होतं, दमट झालेलं. रिकाम्या जागी त्याचं ठसठशीत अक्षर.

'शोधतोय. दोन वर्षांचा शब्द देऊन बसलोय, तो मोडता येत नाही. इथली मशीनं नवी आहेत, आवाजच करत नाहीत. फार शांत आहे. तोवर खांदा जप.'

खाली सही आणि तारीख.

तिनं ते दोनदा वाचलं. शेवटपर्यंत, एकही ओळ न सोडता. मग फळ्यापाशी गेली आणि स्वतःच्या हातानं कार्ड टांगलं — सगळ्यांना दिसेल असं, छपराच्या गळतीच्या कार्डाशेजारी. मागे माणसं जमली, वाचायला लागली. कुणी हसलं नाही.

"बघताय काय?" ती म्हणाली. "कार्ड आहे, साप नाही."

टेबलाशी येऊन तिनं पुढची चादर घेतली. दोन टोकं चिमट्यांत दिली, मागे सरकली, ताणली, झटकली. आणि टोकं उचलून चालायला लागली. भिंतीपर्यंत सरळ जायचं होतं, अध्येमध्ये थांबायचं काही कारण नव्हतं.

मधोमध आल्यावर ती थांबली. थोडी जास्तच वेळ. मग पुढे गेली.