एकोणीस मिनिटांचं कोडं

"ताई, रविवारी सकाळी आठला मी दार उघडलं तेव्हा साहेब गेलेलेच होते. अंग थंडगार. आणि सुयोगदादा म्हणतात, तू शनिवारी रात्रीची गोळी दिली नाहीस म्हणून बाबा गेले."

माहुलहून दोन बस बदलून आलेल्या रुक्मिणीने हे एका दमात सांगितलं. मुलुंडच्या अनंतराव खानोलकरांना ती चार वर्षं सांभाळत होती. आता घरोघरी बाया पुरवणाऱ्या ब्यूरोने तिचं नाव कापलं होतं, आणि असा ठपका असलेल्या बाईला दुसरं घर मिळणार नव्हतं.

गुप्तहेर शुभा दळवीने काम घेतलं. तिचे सहकारी मार्तंडकाका मात्र मनात म्हणाले, बाईच चुकली असणार. काकांचा पहिला संशय नेहमी गरिबावरच जायचा आणि मागाहून त्यांना त्याची लाज वाटायची.

रुक्मिणीला घेऊन दोघे मुलुंडच्या घरी गेले, तेव्हा अनंतरावांच्या मुलाने, सुयोगने, त्यांना थेट संगणकापुढे बसवलं.

"शनिवारी रात्री रुक्मिणीबाई आपल्या घरी जायच्या, तेव्हा मी इथे झोपायला यायचो. त्या रविवारी सकाळी सात दहाला बाबांनी रोजचं कोडं सोडवून गंधालीला निकाल पाठवला. साडेसातला मी निघालो. बघा, सगळं इथे आहे."

पडद्यावर पांढरं पान, त्यात आकड्यांची एक चौकट. ना जाहिरात, ना गाणं. काकांनी नाक पडद्याला टेकवलं. "फारच बारीक आहे हो हे."

"रविवारनंतर कुणी हात लावला याला?" शुभाने विचारलं.

"छे. खोलीला मीच कुलूप घातलं."

खाली मागच्या दिवसांचा हिशेब होता. रोज दोन मिनिटं, खाडाखोड शून्य. रविवारी एकोणीस मिनिटं, खाडाखोड अकरा वेळा.

"वय झालं की असं होतं," काका म्हणाले.

बोरिवलीहून आलेली अनंतरावांची मुलगी गंधाली कोपऱ्यात बसली होती. "निकाल आला की कळायचं, बाबा उठलेत, बरे आहेत. मग मी फोन करायचे नाही," ती म्हणाली.

"रुक्मिणीबाई, साहेब कोडं सोडवायचे कसे?"

रुक्मिणीने गादीखालून चौकटींची वही काढली. "आधी यात उतरवून घ्यायचे. तासभर झगडायचे, मग बघून तिकडे भरायचे. म्हणायचे, कुणाला सांगू नकोस गं, पोरांना वाटू दे बाप हुशार आहे."

मोतीबिंदूचं ऑपरेशन ते टाळत होते. वहीतला एकेक आकडा चार-चार चौकटी अडवून बसला होता. शेवटचं पान शनिवारचं होतं.

शुभाने वही संगणकाशेजारी ठेवली.

"दोन मिनिटं लागायची, कारण उत्तर आधीच तयार असायचं. रविवारी कुणीतरी वहीशिवाय, चुकत-माकत सोडवलं. बरं नव्हतं म्हणून अनंतरावांनी वही टाळली, असंही धरू. पण एवढे मोठे आकडे काढणाऱ्या माणसाला हे बारीक अक्षर दिसणार कसं? ते पान मोठं करूनच बघत असणार. ज्याला ते अडचणीचं झालं, त्याने लहान केलं. नंतर कुणी हात लावला नाही, हे तुम्हीच सांगितलंत, सुयोग. आणि सात दहाला घरात कोण होतं, तेही."

सुयोग खुर्चीत मागे टेकला.

"शनिवारी मी आलोच नाही. पवईला मित्रांकडे थांबलो. सकाळी आलो तर बाबा... निकाल गेला नसता तर गंधालीने लगेच फोन केला असता. काय सांगणार होतो तिला?"

"म्हणून गरिबाच्या पोटावर पाय दिलात," काका म्हणाले. त्यांना स्वतःचाही राग आला होता.

शुभाने कागद पुढे केला. सगळं खरं लिहून सुयोगने ब्यूरोच्या नावे सही केली. रुक्मिणीने कागद घडी करून पिशवीत ठेवला. तिला आनंद झालेला दिसला नाही.

"बाबा पलंगावर, आणि तू त्यांच्याकडे पाठ करून एकोणीस मिनिटं आकडे भरत बसलास," गंधाली म्हणाली. मग तिने फोन काढला.

"निकालावर मी लिहिलं होतं, पुढच्या रविवारी नक्की येते. त्यावर 'ये बाळा, वाट बघतो' असं आलं. तेराव्याला मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं रे."

सुयोगने मान वर केली नाही.

"तेही मीच लिहिलं," तो म्हणाला.