बसून वाजवणारीला वायरलेस कशाला?

पटत नसेल तर इथेच थांबा. मी कुणाला पटवायला बसलेलो नाही. हे माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलंय, आणि माझी आत्या थापा मारणाऱ्यातली नाही. तोंडानं फटकळ आहे, पण खोटं बोलणार नाही.

आणि हो, रात्रबित्र नव्हती. भर दुपार होती. सभागृहात संध्याकाळच्या शोची तयारी चालली होती.

आत्या ऑर्केस्ट्रात स्टील गिटार वाजवते. ही गिटार गळ्यात अडकवत नाहीत. बसून मांडीवर आडवी ठेवतात आणि डाव्या हातातली स्टीलची कांडी तारांवरून सरकवतात. गिटार मूळची काकांची, म्हणजे आत्याच्या नवऱ्याची. तेही याच ऑर्केस्ट्रात वाजवायचे. दोन वर्षांपूर्वी भर कार्यक्रमात पुढच्या धूनचं नाव सांगायला त्यांनी माइक जवळ ओढला... आणि तसेच कोसळले.

हार्ट, असं सगळे म्हणाले. आत्यानंही मानलं. करते काय बिचारी?

वर्षभर गिटार कपाटात पडून होती. मग एक दिवस आत्या रडून रडून कंटाळली, शिकलेलं सगळं पुन्हा घोटलं आणि काकांच्या खुर्चीत जाऊन बसली.

साउंडवाला काकांच्या वेळचाच होता. दिवसभर माइकमध्ये 'हॅलो, हॅलो' करायचा म्हणून त्याला सगळे हॅलोभाऊ म्हणायचे. त्या दुपारी त्यानं स्वतःहून नवीकोरी वायरलेस सिस्टीम आणली. एक डबी गिटारला लावायची, दुसरी त्याच्या टेबलावर. मध्ये वायर नाहीच.

"अहो, मी एका जागी बसून वाजवते," आत्या हसली. "मला वायरलेस कशाला? स्टेजभर पळापळी करणार आहे का मी?"

"राहू द्या वहिनी. वायरची कटकट नको."

बोलला, पण तिच्याकडे न बघता. आणि हॉलच्या मागच्या टोकाला, आपल्या टेबलापाशी निघून गेला.

आत्यानं एक सूर लावला. छान आला. तिनं तारांवर हात ठेवून तो बंद केला.

सूर बंद झालाच नाही...

"वहिनी, थांबा ना जरा!" हॅलोभाऊ ओरडला.

"मी थांबलेच आहे!" आत्यानं दोन्ही हात वर करून दाखवले.

स्पीकरमधून गिटार वाजतच होती...

तिनं डबी उपसून काढली. बटण बंद केलं. आतले सेल काढून मुठीत धरले.

तरीही...

मग तिनं नीट कान दिला. सूर थेट जागेवर येत नव्हता. थोडा पुढे जायचा, मग मागे यायचा. बस थांब्याच्या पुढे जाते आणि रिव्हर्स घेते ना, तसा. ही खोड एकाच माणसाची होती. संसारभर तिनं त्यावरून त्याला चिडवलं होतं.

"अहो..." तिच्या तोंडून निघालं.

सूर थांबला.

आणि घरघर सुरू झाली. घूंऽऽऽ...

हॅलोभाऊचा चेहरा पांढराफटक पडला. तो टेबलावरचं एकेक बटण खाली ओढत होता. घरघर मात्र वाढतच होती.

"ही... ही त्या दिवशीचीच... ही तर मी घालवली होती!"

"कशी घालवली होती?" आत्यानं विचारलं.

तो बटणंच ओढत राहिला.

"हॅलोभाऊ, कशी?"

"त्यांच्या गिटारच्या अॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडली!" तो रडकुंडीला आला. "पिन तोडली की घरघर जाते. सगळेच तोडतात, वहिनी! करंट तारांत उतरेल असं कुणाला वाटलं होतं? एका हातात कांडी, दुसरा हात माइकला... ऑर्केस्ट्राच्या मालकांना सगळं ठाऊक आहे. तेच म्हणाले, हार्ट म्हणून सांगा."

आत्या सांगते, तिला रडू आलंच नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं ती स्वतःलाच दोष देत होती, यांचं दुखणं आपल्याला दिसलं कसं नाही म्हणून. आणि या माणसाला माहीत होतं. म्हणूनच बसून वाजवणाऱ्या बाईला वायरलेस! वायर नाही, तर करंटही नाही.

हॅलोभाऊनं धावत जाऊन भिंतीवरचा मेन स्विच पाडला. दिवे, पंखे, सगळं बंद. दारातून येईल तेवढाच उजेड.

घूंऽऽऽ...

"वहिनी, त्यांना थांबवा! तुमचं ऐकतील ते!"

आत्यालाच दया आली. "अहो, पुरे," ती म्हणाली.

आणि खरंच ऐकलं. सगळं चिडीचूप.

हॅलोभाऊ धापा टाकत टेबलापाशी आला. घाम पुसला. सुटल्यासारखा हसलासुद्धा.

"वहिनी, हे आपल्यातच ठेवा हं. झालं गेलं गंगेला मिळालं."

आत्यानं त्याच्याकडे बघितलं. मग मांडीवरच्या गिटारीकडे.

"चुकलंच माझं," ती हळूच म्हणाली. "वाजवा तुम्ही."

हॅलोभाऊचा हात टेबलावरच्या माइकवर होता...

वायरमननं दहादा तपासलं. मेन बंद होता, हॉलमध्ये करंट नव्हताच. पण मेलेल्या हॅलोभाऊच्या तळहातावर भाजल्याच्या रेघा होत्या. बारीक, शेजारी शेजारी, तारांसारख्या.

हे सगळं आत्यानं मला कांदा चिरता चिरता सांगितलं.

"आत्या, तुला काहीच वाटत नाही?" मी विचारलं.

"वाटतं ना. आधी मी 'पुरे' म्हणाले, त्याचं वाटतं."

पुढे विचारायची माझी छाती झाली नाही.

आज संध्याकाळी ऑर्केस्ट्राचा मोठा शो आहे. मी पास काढून ठेवला होता. काल आत्या आली आणि तिनं तो मागून घेऊन फाडला.

"तू येऊ नकोस."

"का गं?"

"उद्या मालक स्वतः निवेदन करणार आहेत. माइक हातात धरून."

एवढं बोलून ती पाणीसुद्धा न पिता गेली.

मालकांचा नंबर माझ्याकडे आहे. सकाळपासून फोन हातात घेऊन बसलोय...

पण काकांनी मला खांद्यावर बसवून वाढवलंय हो. बोट काही त्या नंबरावर जात नाही.