मोंघीबांचं थापटणं

"बघा, याला म्हणतात मडकं!" मोंघीबांनी धाकट्या सुनेचं, पारुलचं, मडकं अख्ख्या अंगणाला दाखवलं आणि थोरल्या जसुमतीकडे न बघताच म्हणाल्या, "नाहीतर काहींची... कढी ठेवली तर लंगडतात."

जसुमती हसली. बारा वर्षं ती हे ऐकत होती. ती जन्माची डावखुरी. पण या कुंभारघरात पाऊल टाकलं त्याच दिवशी सासूबाईंनी बजावलं होतं, की मातीला डावा हात लागायचा नाही. तेव्हापासून ती उजव्या हातानं मडकी थापटायची, आणि ती वेडीवाकडी व्हायची. आज थंडीतलं पहिलं उबाडियुं, उपड्या मडक्यातली ती भाजी, शिजायची होती, आणि त्यासाठी जिचं मडकं निवडलं त्या सुनेला बा आपलं लाकडी थापटणं सोपवणार होत्या. ते आपल्याला मिळावं ही एकच अभिलाषा जसुमतीनं अंतःकरणात जपली होती... आणि ती आपणहून पारुलला देऊन टाकली होती!

लग्नानंतर महिन्यातच पारुलचं मनगट विहिरीवर दुखावलं. बा नाजूक म्हणून हिणवतील, या धास्तीनं पोर रडली. तेव्हापासून घरातले शेताकडे गेले की जसुमती मागच्या पडवीत तिच्या वाटणीची मडकी थापटायची. तिथे बघणारं कोणी नव्हतं... म्हणून डाव्या हातानं!

वालपापडी, कंद, बटाटे नि हिरवा मसाला भरून, पाल्यानं तोंड बुजवून मडकं उपडं घातलं, भोवती आग पेटवली. दुपारी ते उघडलं तेव्हा त्या खमंग वासानं शेजारपाजार ताटल्या घेऊनच हजर झाला. बा तर इतक्या खुशीत, की तळाला चिकटलेला शेवटचा बटाटा काढायला त्यांनी स्वतः आत हात घातला...

हात तिथंच थांबला. थापटताना आतून धरलेल्या दगडाचे वळ बोटांना लागले. पन्नास वर्षं ते वळ त्यांना एकाच बाजूला झुकलेले ठाऊक होते. हे उलटे झुकले होते. आणि घरात डावखुरं माणूस एकच होतं.

"पारुल, हे कोणी थापटलं?"

पारुलला रडू फुटलं. "भाभींनी, बा... सगळीच त्यांनी."

हातातला बटाटा बांनी जसुमतीच्या तोंडात कोंबला, आत गेल्या आणि थापटणं घेऊन आल्या. भरल्या तोंडानं, भरल्या डोळ्यांनी जसुमतीनं सवयीनं उजवा हात पुढे केला.

"तो नको," बा म्हणाल्या. "दुसरा दे, बेटा."