दिसते काय वो?

हे माझ्या स्वतःच्या घरात झालं आहे. कुणाच्या मावशीच्या शेजारणीकडे नाही.

घर रायपूरच्या गुढियारीत, रेल्वे लाइनच्या अलीकडे. तारीख १० मार्च २०१९. वार रविवार. आणि वेळ रात्रीची नव्हती... भर दुपारचा दीड वाजला होता.

वेळ आधीच सांगून ठेवते, कारण लोक म्हणतात रात्रीचे भास होतात. मी तेव्हा भेंडी चिरून राहिली होती. भेंडी चिरताना कुणाला भास होत असेल तर मला माहीत नाही.

आमचं घर बौद्ध. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. भूत-प्रेत, करणी, लिंबू-मिरची आमच्याकडे चालत नाही. या पेजवरच्या भुताच्या गोष्टीही मी हसायलाच वाचायची.

आता नाही हसत.

त्या वर्षी केबलचं सगळं बदललं. चॅनल निवडा, पॅकेज घ्या, आणि शेवटी बिल दीडपट. माझी सासू शेवंताबाई, तेव्हा बासष्ट वर्षांच्या, रेल्वेतून शिपाई म्हणून रिटायर झालेल्या. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवून वापरणारी बाई. पण केबलच्या बाबतीत एक शब्द ऐकून घ्यायची नाही. पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, सगळ्यांत आधी केबल आमच्याच घरी आलं होतं म्हणे. तेव्हा घराला धड दार नव्हतं.

काहून, ते मी कधी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाचा एक शौक असतो, असं समजायची.

माझं शिक्षण दहावीपर्यंतचं. बाकी सगळं मी पाहून पाहून शिकली. शिलाई, मिक्सरची दुरुस्ती, कुलरची मोटर. मोबाइलवर एकाचा व्हिडिओ पाहिला, घरीच अँटेना बनवा आणि दूरदर्शन फुकट पहा. आमच्या टीव्हीत ते पकडायची सोय आतच होती.

केबलचं पॅकेज मी भरलंच नाही आणि कामाला लागली. एक फळी घेतली. तिला स्क्रू ठोकले, तांब्याची तार वाकवून वाकवून बसवली. मागे लावली जुन्या कुलरची जाळी. केबलवाल्यानं सोडलेली काळी वायर जोडली.

माझी मुलगी पायल म्हणाली, "मम्मी, इससे टीवी नहीं, पापड़ सूखेगा."

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"हे काय करून राहिली?"

"अँटेना, आई."

त्यांचा हात ताटात थांबला.

"वर कोण चढन?"

"मीच. आता का सिमेंटची शीट आहे? स्लॅब आहे, पायऱ्या आहेत."

"काढून टाक ते."

"एकदा पाहू तर द्या. नाही जमलं तर काढते."

"हव," त्या म्हणाल्या. आमच्याकडे हव म्हणजे हो. पण आईंच्या हवचा अर्थ एवढाच असायचा, की आता मी तुझ्याशी बोलणार नाही.

शनिवारी संध्याकाळी मी अँटेना छतावर बांधली. मी वर, पायल खाली, दोघींच्या कानाला फोन. "आ गया मम्मी," ती फोनवर म्हणाली. आता छतावरून खाली कोणी ओरडत नाही. हे लक्षात ठेवा.

रविवारी माझा नवरा गौतम सिलतऱ्याला प्लांटवर होता. तिथल्या भट्ट्यांना रविवार नसतो. पायल मैत्रिणीकडे गेलेली. घरात मी आणि आई. टीव्हीवर दूरदर्शन चालू. आई तखतावर बसून, पण पाहत भिंतीकडे.

दीड वाजता चित्र अडकलं. चौकोन चौकोन झाले.

आणि वर... कुणीतरी चाललं.

कड.

कड... कड...

ज्यांनी सिमेंटच्या शीटखाली दिवस काढले आहेत त्यांना तो आवाज सांगावा लागत नाही. शीटवर माणूस जपून पाय टाकतो, तेव्हा ती अशी बोलते.

आमच्या घरावर २००३ पासून शीट नाही. स्लॅब आहे. स्लॅबवर हत्ती चालला तरी कड वाजणार नाही.

मग वरून हाक आली.

"दिसते काय वो?"

आवाज गौतमचा वाटला. मी म्हटलं, "आज लवकर सुटले वाटते." आणि आईंकडे पाहिलं.

आईंच्या तोंडाला रंग नव्हता. ओठ हलले. अगदी हळू आवाजात त्या म्हणाल्या...

"थोडं अजून."

मी सुरी हातात घेऊनच वर गेली. छताच्या दाराला कुलूप होतं. किल्ली माझ्या कमरेला. कुलूप उघडलं. ऊन, टाकी, दोरीवर चादर. माणूस कुठेच नाही.

पण अँटेना फिरलेली होती. मी ती दुसरीकडे तोंड करून घट्ट बांधली होती. आता तिचं तोंड स्टेशनकडे होतं, आणि तार नव्यानं पिळलेली. पिळ पक्कडीचा होता. आमची पक्कड दोन महिन्यांपासून सापडत नव्हती.

खाली आली तेव्हा चित्र लखलखीत होतं.

"कोणी नाही न?" आईंनी विचारलं.

"नाही."

"मले माहीत हाये."

पुढच्या रविवारी पायल घरी होती. दीड वाजला. कड... कड... मी मनात म्हटलं, तिला ऐकू येऊ नये. एवढंच.

ती मोबाइलमधून मान न काढता म्हणाली, "मम्मी, पापा ऊपर क्या कर रहे हैं?"

मी गौतमला फोन लावला. मागे प्लांटचा घरघराट. "काय झालं?" तो म्हणाला. मी म्हटलं, "काही नाही, जेवले का?"

फोनमध्ये तो "हव, जेवलो" म्हणून राहिला होता. आणि वरून त्याच वेळी...

"दिसते काय वो?"

"थोडं अजून," तखतावरून आई म्हणाल्या.

पायल उठून बाहेर निघून गेली. आजही रविवारी दुपारी ती घरात थांबत नाही.

त्या संध्याकाळी मी आईंच्या पायाला तेल लावत बसली. काही विचारलं नाही. त्याच बोलल्या.

"तुह्या सासऱ्याले तू पाहिलं नाही."

नव्हतंच पाहिलं. दयाराम सासरे १९८९ सालीच गेले होते. तेव्हा ते छत्तीस वर्षांचे, गौतम बारा वर्षांचा. माझं लग्न नंतर नऊ वर्षांनी झालं. घरात एवढंच सांगत, की पडून गेले.

"तेव्हा रविवारी दुपारी टीव्हीवर सिनेमा लागे," आई म्हणाल्या. "एकेक रविवारी एकेक भाषेचा. मराठीची पाळी सहा-सहा महिने येत नव्हती. मी भंडाऱ्याकडची पोट्टी, इथं आली त माह्यासंग मराठी बोलाले कोण होतं? त्या दिवशी मराठी होता. मी सकाळपासून सैपाक आटपून बसली. अन चित्रच येईना."

"मग?"

"मग ते शीटवर चढले. अँटेना फिरवत होते अन इचारत होते, दिसते काय वो. मी म्हटलं, थोडं अजून. फिरवली. दिसलं. साजरं दिसलं, काचेवाणी."

माझा हात त्यांच्या पायावर तसाच राहिला.

"त्याईनं पुन्हा इचारलं. मी पुन्हा म्हटलं, थोडं अजून."

"काहून आई? दिसत होतं न?"

"खाली आले असते त चहा मांगतला असता. मले उठा लागलं असतं. गाणं सुरू झालं होतं वो."



"पाच खेपा म्हटलं मी. पाचव्या खेपेले शीट फुटली. मागच्या खोलीत पाट्यावर पडले." त्यांनी पाय ओढून घेतला. "गाणं संपलं नव्हतं अजून."

मग मला केबल समजलं. एवढी वर्षं कुणाला छतावर चढावं लागू नये, म्हणून ते होतं. आणि मी ते कापून कुलरची जाळी वर चढवली होती. हुशारी करून.

म्हटलं, उद्याच अँटेना काढते. त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे. आणखी एक रविवार."

२४ मार्च. आईंनी आंघोळ करून विहारात जायची पांढरी साडी नेसली. एक वाजताच टीव्हीपुढे बसल्या.

"आज सांगून टाकते त्याईले," त्या म्हणाल्या.

"काय?"

"दिसते म्हणून. तीस वर्ष झाले, माणूस उन्हात उभा हाये. म्हणन, उतरा आता. तू चहा ठेव. तीन कप."

मी समजावलं. म्हटलं, आई, आपण हे मानत नाही. म्हटलं, जो वर आहे तो खाली आला तर एकटा परत जाईल का? त्या हसल्या. लग्नातल्या नवरीसारख्या हसल्या.

चहा मी ठेवला नाही. दारात उभी राहिली.

दीड वाजला.

कड... कड...

पावलं अँटेनेपाशी थांबली. चित्र हललं, मग स्थिर झालं.

"दिसते काय वो?"

आईंनी पदर सारखा केला. मान वर केली. तोंड उघडलं...

आणि मी धावली. टीव्हीमागची वायर एका हातानं उपटली, दुसरा हात त्यांच्या तोंडावर दाबला. घट्ट. एक शब्द माझ्या तळहातात अडकला. गरम वाफेसारखा. तो मला अजून तिथे जाणवतो, भाकरी थापताना सुद्धा.

पडदा काळा.

वर... काहीच नाही. पावलं आली नाहीत, गेली पण नाहीत.

मी हात काढला. आईंनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"काहून केलं वो असं?" एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. कुणाशीच नाही. बुधवारी सकाळी चहा घेऊन गेली, तर उठल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, हार्ट. वयाच्या मानानं शांत मरण आलं म्हणाले.

मला वाटलं होतं, मी त्यांना वाचवून राहिली आहे.

अँटेना मी हातोडीनं तोडली आणि कबाड्याला देऊन टाकली. केबल परत घेतलं. भंतेजी येऊन परित्राण पाठ करून गेले. पुण्यानुमोदन झालं. पाहुणे गेले.

त्याच्या पुढचा रविवार. टीव्ही बंद. छतावर एक खिळासुद्धा नाही. दीड वाजता मी कपडे घडी करत बसली होती.

कड... कड...

"दिसते काय वो?"

आता उत्तर द्यायला कोण आहे?

रिकाम्या तखतावरून, माझ्यापासून चार हातांवर... आईंच्या आवाजात उत्तर आलं.

"थोडं अजून."

तेव्हापासून दर रविवारी. एकही चुकला नाही. ते विचारतात. त्या म्हणतात, थोडं अजून. पाच वेळा. मग मागच्या खोलीत काहीतरी जड पडतं. मी पाहायला गेली तर फरशी स्वच्छ असते.

ज्या एका शब्दासाठी आईंनी साडी नेसली होती, तो मी तोंडातच दाबला. त्या आता तिथेच अडकल्या आहेत. मी त्यांना सुटू दिलं नाही.

गौतमला मी कधी सांगितलं नाही. तो सुट्टी असली की रविवारी जेवून लगेच चौकातल्या पानठेल्यावर जातो, तीन वाजता येतो. मागच्या दिवाळीत फराळ करता करता सहज म्हणाला, "बाबाचा आवाज आता माझ्यापेक्षा लहान वाटतो, नाही?"

आणि चकली मोडून खात राहिला.

हे सगळं आजपर्यंत मी लिहिलं नव्हतं. आज लिहून राहिली आहे, कारण मागच्या रविवारी वेगळं झालं.

पावलं आली. हाक आली.

"दिसते काय वो?"

तखतावरून उत्तर आलं नाही.

मी वाट पाहिली. वर पण कुणीतरी वाट पाहत होतं. शीटवर एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर गेला... कड. पुन्हा विचारलं. तखत गप्प. आई थकल्या असतील, असं माझ्या मनात आलं. मेलेलं माणूस थकतं का, मला माहीत नाही.

मग तो छत्तीस वर्षांचा आवाज, अगदी माझ्या डोक्यावरून, हळू म्हणाला...

"विजया. तू सांग."

सासऱ्यांनी मला कधी पाहिलं नाही. माझं नाव त्यांना माहीत असायचं काही कारण नाही.

मी तोंडावर हात दाबून बसली. तोच हात.

आज पुन्हा रविवार आहे. गौतम पानठेल्यावर गेला. एक वाजून बावीस मिनिटं झाली. थोडं अजून म्हटलं, तर त्यांना मीच पुन्हा पाडीन. दिसते म्हटलं, तर ते उतरतील. आणि इथे आता उत्तर देणारी मी एकटीच आहे.

चहाचं आधण ठेवलं आहे. उकळी फुटून राहिली आहे.

कप किती काढावे, ते कळत नाही.