एका खिडकीतले दोन रुमाल

अकोल्याच्या एसटी स्टँडवर अमरावतीची गाडी लागली आणि एकाच खिडकीतून दोन रुमाल आत पडले. एक प्रतीक्षाचा, पिवळ्या काठाचा. दुसरा एका उंच मुलाचा.

"ही सीट माही हाये."

"रुमाल दोन, सीटबी दोघांची. भांडून काहून राहिल्या?"

तो शेखर, एम.एस्सी.ला, रसायनशास्त्राचा. ती बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. तिच्या मांडीवरच्या वहीत त्यानं डोकावलंच. नायट्रोजनचे शेवटचे तीन इलेक्ट्रॉन तिनं p ऑर्बिटलच्या तीन घरांत भरले होते — पहिल्यात दोन, दुसऱ्यात एक, तिसरं रिकामं.

"चुकलं. खाली, रिकाम्या गाडीत लोक कसे बसतात? आधी एकेका सीटवर एकेक जण. खाली सीटच उरली नाई, की मंग जोडीनं. इलेक्ट्रॉनबी तसेच."

"म्हंजे आपण नाइलाजानं बसलो?"

"गाडी भरली हाये ना..." तो हसला. तिचे कान तापले.

वर्षभर गाडी भरलेलीच मिळाली. कॉलेज सुटल्यावर ती बडनेऱ्याला उतरून भातकुलीला घरी जायची, तो पुढं अमरावतीला. आज तरी तो काही विचारेल, असं तिला रोज वाटायचं. तो विचारायचा ते रसायनशास्त्रातलंच.

मार्चमध्ये तिच्या वडिलांनी, भगवंतरावांनी, चांदूर रेल्वे गावचं स्थळ पक्कं केलं. तिनं गाडीतच शेखरला सांगितलं.

"परीक्षा तर देशान ना?" एवढंच तो म्हणाला.

शेवटच्या पेपरात नायट्रोजन आला. तीन घरांत इलेक्ट्रॉनचा एकेक बाण — तिनं बरोबर काढले. दुपारच्या गाडीत चारच माणसं होती. शेखर खिडकीशी बसला होता. ती सरळ त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"पोरी, अख्खी गाडी खाली हाये! मांगं ऐसपैस बस ना," कंडक्टर म्हणाला.

"इथंच बरं हाये, काका."

शेखर हळूच म्हणाला, "नियम इसरल्या का?"

"नाई. पाठ हाये."

बोरगाव गेलं, मूर्तिजापूर गेलं.

"मी... आधीच इचाराले पायजे होतं," तो म्हणाला.

"हो. दिवाळीतबी चाललं असतं."

बडनेऱ्याला ती उतरली. मागं पाहायचं नाही असं ठरवलं होतं, पाहिलंच. गाडीत चढणारं कुणीही नव्हतं. तरी शेखरनं खिशातून रुमाल काढला आणि वाकून शेजारच्या, तिच्या रिकाम्या जागेवर अंथरला.

गाडी हलली.