मागच्या डाव्या चाकाचा आवाज

बोआडी सरांनी गाडी पोकुआच्या गॅरेजपाशी थांबवली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, पण कुमासी शहरात त्या दिवशी ऊन असं पडलंच नव्हतं. चार दिवस हरमाटनचा वारा वाळवंटातली धूळ आणून ओतत होता. समोरचं दुकान दिसत नव्हतं. धुळीतून फक्त शेजारच्या गॅरेजांतल्या हातोड्यांचे ठोके ऐकू यायचे.

"आवाज येतो," सर म्हणाले.

"कसला?"

"टक्. मग थोडं थांबून, टक् टक्. मागून, डावीकडून."

पोकुआ सरांची जुनी विद्यार्थिनी. गणितात तीनदा नापास झालेली. आता निम्म्या शहराच्या गाड्या तिच्या हाताखालून जात. "सर, सात माणसांची दांडगी गाडी, तीही दहा वर्षं जुनी. आवाज नाही करणार तर काय भजन म्हणणार?"

सर हसले नाहीत. "तिथं मामे टिवा बसायच्या."

मामे टिवा म्हणजे सरांच्या सासूबाई. अंगानं भरभक्कम, आवाजानं त्याहून. मागच्या डाव्या खिडकीशी बसून त्या काठी आपटत. एकदा आपटली की 'हळू', दोनदा आपटली की 'मारतोस का मला?' त्या जाऊन वर्ष होत आलं होतं. येत्या शनिवारी त्यांच्या गावी वर्षाचा विधी होता, आणि सरांची बायको सेरवा त्या आवाजापायी या गाडीत पाय ठेवायला तयार नव्हती. ती बसनं जाणार म्हणत होती.

"लेक बसमधून उतरणार आणि जावई रिकामी गाडी घेऊन मागून येणार. गावात तोंड दाखवायला जागा राहील का मला?"

"भूतबीत काही नाही," पोकुआ म्हणाली. "चाकाचा लिंक रॉड सैल झाला असेल."

तिनं गाडी जॅकवर चढवली, चाक धरून हलवलं, पहारीनं रबरी बुश उचकून पाहिलं. बुश फाटलं होतं, लिंक रॉड खुळखुळत होता. दोन्ही बदलले. मग सर चालवायला बसले आणि पोकुआ मागच्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागेत, कान लावून आडवी झाली. पहिला गतिरोधक गेला. शांत. दुसरा गेला. शांत. आनंदाच्या भरात सरांनी तिसऱ्यावरून गाडी जरा दामटली.

टक्. टक्.

पोकुआ ताडकन उठून बसली. आवाज खालून आला नव्हता, तिच्या कानाशेजारून आला होता.

"शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं वरचं माउंटिंग असेल," ती म्हणाली. पण तिचा आवाज उतरला होता.

तेही बदललं. मग गाडी सपाट जागी उभी करून तिनं दोन्हीकडची उंची बोटांनी मोजली. डावी बाजू तीन बोटं खाली बसली होती. स्प्रिंग थकली असेल म्हणून तिनं डावीची स्प्रिंग उजवीकडे टाकली, उजवीची डावीकडे. पुन्हा मोजलं. डावी बाजू तीन बोटं खालीच.

"दोष स्प्रिंगचा असता तर स्प्रिंगबरोबर उजवीकडे गेला असता," ती हळूच म्हणाली. "याला गणितात काय म्हणतात, सर?"

"याला... गणितात काही म्हणत नाहीत."

धूळ दाट झाली. हातोडे कधी थांबले कळलं नाही. गाडीच्या उघड्या खिडकीतून अंगाला लावायच्या शिया बटरचा आणि कापराचा वास आला. म्हाताऱ्या बायकांच्या ट्रंकेला येतो तसा.

"सर... उतरायला सांगून बघा."

सरांनी शर्ट नीट केला, मागचं दार उघडलं. "आई, जरा खाली उतरता का? पोरीला काम करू द्या."

काही नाही.

"असं नाही, सर," पोकुआ कुजबुजली. "वर्गाबाहेर काढल्यासारखं नको. नीट सांगा."

सरांनी चपला काढल्या. वडीलधाऱ्यांपुढे वाकावं तसे ते वाकले.

"दवाखान्यात नेताना तुम्ही काठी आपटत होतात," ते म्हणाले. "मी घाबरलो होतो, आई. पोचायची घाई होती. खड्डे बघितले नाहीत. तुमच्या अंगाला किती लागलं असेल... चुकलो मी."

स्प्रिंग कुरकुरली. डावी बाजू हळूहळू उचलली गेली. एक बोट. दोन बोटं. तीन.

पोकुआनं खाली वाकून मोजलं आणि मान हलवली. "बरोब्बर."

सर डोळे पुसत डावीकडच्या स्टिअरिंगमागे बसले, चावी फिरवली. तेवढ्यात त्यांच्या शेजारी, गाडीचा पुढचा उजवा कोपरा शांतपणे तीन बोटं खाली बसला, आणि रिकाम्या सीटचा पट्टा लावा म्हणून घंटी वाजायला लागली. टिंग टिंग. टिंग टिंग.

"पोकुआ... आता हे काय?"

"ते इलेक्ट्रिकचं काम, सर." पोकुआ चार पावलं मागे सरकली होती. "मी इलेक्ट्रिकचं करत नाही."

सरांनी पट्टा ओढला. तो नेहमीपेक्षा पुष्कळ लांब ओढावा लागला. मग घंटी थांबली.

घरापर्यंत ते बैलगाडीच्या चालीनं आले. सेरवा फाटकाशीच उभी होती. तिनं पुढच्या सीटकडे पाहिलं, मागचं दार उघडलं, आणि किती तरी महिन्यांनी त्या गाडीत बसली.

"हळू चालवा हं शनिवारी," ती म्हणाली.

सरांनी मान डोलावली. त्यांचं लक्ष पट्ट्याकडे होतं. तो सीटला टेकलेला नव्हता. वीतभर पुढे, हवेत ताणलेला होता. आणि इंजिन बंद असूनही संथपणे पुढे यायचा, मागे जायचा. पुढे यायचा, मागे जायचा.