सर्व्हेअरचा पुरवणी अहवाल

न्हावा शेव्याच्या एका गोदामात ॲडव्होकेट प्रणाली तोडणकर हिने कंटेनरचं दार ओढून उघडलं, तेव्हा आत काळोखात एक माणूस मांडी घालून बसला होता.

"दार लावून घ्या," तो म्हणाला.

"आपण कोण?"

"सर्व्हेअर. विमा कंपनीचा. तुमच्यामुळे उजेड येतोय आत."

आजवर तिच्याबद्दल असं कोणी म्हटलं नव्हतं. तक्रारीच्या सुरात तर नाहीच.

"मी तुळशीराम भगतांची वकील. माल त्यांचा आहे."

"मग आत या, नाहीतर बाहेर थांबा. अशा मधेच उभ्या राहिलात तर छिद्र दिसायचं नाही."

ती आत गेली. दार बंद झालं. निम्मा माल बाहेर काढलेला, उरलेल्या कागदाच्या रोलांना ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता. डोळे सरावायला थोडा वेळ गेला...

"वर बघा. मागच्या बाजूला, डावीकडे. दिसलं?"

छतात तांदळाच्या दाण्याएवढा उजेड होता.

"दिसलं. एकच आहे?"

"एकच."

"एक पुरतं," ती म्हणाली.

या दोन मिनिटांत दुसरं काहीही घडलं नाही. हे इथेच नोंदवलेलं बरं, कारण पुढे या प्रकरणात बरंच काही नोंदवलं गेलं.

सागरी कायदा आणि सागरी विमा हा आपला विषय, असं प्रणालीने सांगितलं की श्रीवर्धनचे नातेवाईक दोन प्रश्न विचारत. बोटीवर जावं लागतं का? आणि वाडीच्या सातबाऱ्याचं तेवढं बघशील का? फोर्टमधल्या सिनियरांच्या ऑफिसात तिने सात वर्षं काढली. परदेशी समुद्रांत बुडालेल्या जहाजांच्या फायली तिने तिथे वाचल्या आणि या काळात समुद्र फक्त श्रीवर्धनला सुट्टीत पाहिला. शेवटी ते सोडून तिने उरणला स्वतःची पाटी लावली. "महिनाभर तुझी खुर्ची कोणाला देत नाही," सिनियर म्हणाले होते. त्यांच्या मते हा आशीर्वाद होता.

तळा गावचे तुळशीराम भगत हे तिचे पहिले आणि त्या घटकेला एकमेव पक्षकार. शाळेच्या वह्या बनवायचा त्यांचा छोटा कारखाना. परदेशातून मागवलेले कागदाचे चाळीस रोल ओले निघाले होते. प्रश्न एवढाच की पाणी कुठलं. वाटेत समुद्राचं शिरलं असेल तर विमा भरून देणार. बंदरात उतरल्यावर अवकाळी पावसाचं शिरलं असेल तर नाही, कारण तुळशीरामकाकांनी स्वस्तातली पॉलिसी घेतली होती आणि त्या पॉलिसीला पाऊस मान्य नव्हता. हे प्रकरण गेलं की पाटीही जाणार, हे प्रणालीला ठाऊक होतं.

सर्व्हेअरचं नाव विनेश घरत. पाणी ओळखायची त्याची रीत साधी होती. ओल्या कागदाचा तुकडा फाडायचा, काचेच्या नळीतल्या शुद्ध पाण्यात टाकायचा, वर सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. मीठ असेल तर पाणी दुधासारखं पांढरं होतं. गोड्या पाण्याचं काही होत नाही.

पण त्याआधी जेवणाची सुट्टी झाली. प्रणालीने डबा उघडला.

"कैरी घेणार? आईने तिखट-मीठ लावून दिली आहे."

"कामावर असताना पक्षकारांकडून काही घ्यायचं नसतं."

"मी पक्षकार नाही, वकील आहे."

"त्यांच्याकडून तर नाहीच नाही," असं म्हणून त्याने हातमोजे काढले.

पहिली फोड त्याने गुपचूप खाल्ली. दुसरीला डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट लागलं? घरत म्हणजे उरणचे ना तुम्ही?"

"उरणचाच. पण आमच्यात तिखट कालवणात घालतात... सूड म्हणून नाही."

ती हसली. मग फोर्टची खुर्ची, नवी पाटी, पहिली केस, हे सगळं तिने त्याला सांगून टाकलं. वकिलाने समोरच्या बाजूला असलं काही सांगायचं नसतं. चौथी फोड तिने निवडून दिली. ती त्याने नाकारली नाही.

मग चाचणी झाली. ती नळीकडे बघत होती. तो — तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही — नळीकडे बघत नव्हता. पाणी पांढरं झालं.

"समुद्र," विनेश म्हणाला. दोघांनी कागदावर सह्या केल्या. पेन एकच होतं, त्यामुळे ते द्यावं-घ्यावं लागलं. त्याला जरा जास्तच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला.

"मॅडम, चाचणीचा फोटो नंबर चौदा बघा."

"बघितला. छान पांढरं आलंय."

"नळी नका बघू. अंगठा बघा."

तिने फोटो मोठा केला. विनेशच्या उघड्या अंगठ्याला तिखटाचे तीन लाल कण चिकटले होते. तिखट होतं तिथे मीठही असणार, एवढं कळायला कायद्याची पदवी लागत नाही.

"मोजे परत घालायचे राहिले," तो म्हणाला. "ते मीठ समुद्राचं नसेलही... तुमच्या आईंचं असेल."

"सही झाली आहे, घरत."

"झाली आहे."

"कंपनीला आता मागे जाता येणार नाही. तुम्ही बोलला नाहीत तर कोणाला कळणारही नाही."

"म्हणून तर बोलतोय."

"मग पत्र पाठवायचं. फोन कशाला केलात?"

"पत्रात तुमचा आवाज आला नसता."

"माझी पहिली केस आहे ही."

"माहीत आहे. तिसऱ्या फोडीला सांगितलंत तुम्ही."

प्रणालीने दोन दिवस पुस्तकं चाळली. कायदा पूर्णपणे तिच्या बाजूने होता. तो इतका तिच्या बाजूने कधीच नसे, त्यामुळे तिला बरं वाटेना. त्या तीन लाल कणांच्या जोरावर जिंकायचं, आणि पुढे प्रत्येक वेळी पाटीखालून आत शिरताना ते आठवायचं... तिसऱ्या दिवशी सकाळी तिने तुळशीरामकाकांना सगळं सांगितलं, त्यांचा होकार घेतला आणि फेरचाचणीला हरकत नसल्याचं कळवून टाकलं.

त्याच आठवड्यात विनेशचा पुरवणी अहवाल आला. एक प्रत कंपनीला, एक वकिलांना, एक पक्षकारांना. आपल्या निर्णयावर ज्या ज्या गोष्टीचा परिणाम झाला असेल ती ती सर्व्हेअरने लिहायची असते. विनेशने ती लिहिली होती.

"सदर सर्व्हेअरने वकील मॅडमकडून कैरीच्या चार फोडी स्वीकारल्या. मूल्य नगण्य. त्यानंतर हातमोजे घालण्याचे राहून गेले. कारण देणे बंधनकारक असल्याने देत आहे : त्या वेळी मॅडम हसत होत्या. चाचणीदरम्यान सर्व्हेअरचे लक्ष नळीकडे नसून अन्यत्र होते. ते अद्याप जागेवर आलेले नाही. सदर बाबतीत मॅडमचा कोणताही सहभाग नव्हता. चूक सर्वस्वी सर्व्हेअरची आहे."

खाली सही, शिक्का आणि परवाना क्रमांक.

कंपनीने हा अहवाल तीन टेबलांवर फिरवला. चौथ्या टेबलावरच्या साहेबांनी तो दोनदा वाचून विनेशला या प्रकरणातून काढलं आणि सहा महिने काम न देण्याचा आदेश काढला.

तुळशीरामकाकांचा फोन आला. "वकीलबाई, यो अहवाल माझ्या कागदाचा हाय का तुमच्या सोयरिकीचा?"

"काका, तुमच्या केसवर परिणाम होऊ शकतो, ते बघा आधी."

"व्हय, व्हय. पर मानूस खोटा न्हाय. आता जूनच्या आत माझ्या वह्यांचं काय त्ये सांगा."

फेरचाचणीला कंपनीचे दुसरे सर्व्हेअर दिनानाथ सर आले. वय चौसष्ट, पाणीसुद्धा घरून आणणारे. त्यांनी चाळीसही रोल तपासले, मोजे घालून, एक शब्द न बोलता. पहिली नळी स्वच्छ राहिली. दुसरीही. प्रणालीने पाठीमागे हात घट्ट धरले. दाराकडच्या तेरा रोलांच्या तेरा नळ्या अशाच गेल्या. चौदावी, छिद्राखालच्या पहिल्या रोलाची, पांढरी झाली... आणि मग पुढच्या सगळ्या.

"तेरा पाऊस, सत्तावीस समुद्र," दिनानाथ सरांनी लिहून घेतलं.

"तेरा गेलं," शेजारी उभे असलेले तुळशीरामकाका म्हणाले. मग बोटांवर काहीतरी जुळवून म्हणाले, "चालंल. तळ्याच्या पोरांची पयली सहामाही तरी निघंल."

विनेशला आता आत यायचा पास मिळत नव्हता. तो फाटकाबाहेर, ट्रेलरांच्या रांगेशेजारी स्कूटर लावून उभा होता. प्रणाली बाहेर आली.

"किती?"

"सत्तावीस."

त्याने श्वास सोडला. "मला वाटलं, माझ्यामुळे सगळेच जातात की काय."

"तुमचा पुरवणी अहवाल मिळाला मला."

"कंपनीलाही मिळाला."

"कळलं. अहवालावर आम्हाला पंधरा दिवसांत लेखी हरकत घेता येते. आज चौदावा दिवस आहे." तिने फायलीतून एक कागद काढून त्याच्या हातात दिला.

कागदावर तिच्या ऑफिसचं नाव, पत्ता, विषय, संदर्भ, सगळं जागच्या जागी होतं. मजकूर मात्र दोन ओळींचा.

"सदर बाबतीत आमचा कोणताही सहभाग नव्हता, हे अहवालातील विधान वस्तुस्थितीला धरून नाही. सहभाग होता."

विनेशने तो वाचला. मग सवयीने उलटून मागची बाजूही पाहिली. मागे काही नव्हतं.

"तपशील दिलेला नाही," तो म्हणाला. आवाज धंद्यातलाच ठेवायचा त्याने प्रयत्न केला.

"तोंडी देणार आहे."

"कधी?"

"हेल्मेट आहे का दुसरं?"

ते होतं. नवं होतं, पट्ट्यावरची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती. प्रणालीने ते पाहिलं आणि त्यावर काही विचारलं नाही. ती स्कूटरवर मागे बसली, आणि थोडा विचार करून एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला.

"हे कुठल्या अहवालात येणार नाही ना?"

"सहा महिने मला अहवाल लिहायलाच बंदी आहे."

"मग सावकाश चालवा," ती म्हणाली.